उत्तर न सांगण्याचं व्रत

१४ जुलै

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात तक्रारीनं करतो आहे आणि त्याबद्दल क्षमा मागणार नाही, कारण प्रकरण गंभीर आहे. विषय: माझं डस्टर.

गेल्या पत्रात तू लिहिलंस, 'दादा, गणिताच्या तासाला फळा पुसायचा नाही. पहिल्या मिनिटाला लिहिलेलं शेवटच्या मिनिटालाही दिसलं पाहिजे.' आज्ञा शिरसावंद्य. परंतु डस्टरचं काय करायचं, याविषयी तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. सव्वीस वर्षं माझा उजवा हात लिहीत आला आणि डावा मागोमाग पुसत आला. कर्ता उजवा, लोप करणारा डावा, असा त्यांचा संसार होता. आता डावा हात सेवानिवृत्त झाला आहे. तो खिशात जातो, पाठीमागे जातो, परवा तर मी बेसावध असताना परिपाठाच्या सूचनाच पुसून आला. डस्टर टेबलावर पडून असतं आणि माझ्याकडे असं बघतं, जणू मी त्याला माहेरी सोडून आलो आहे.

असो. तुला हकिगत तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. एकदा क्रमानं सांगतो, क्रमाशिवाय मला सांगताच येत नाही. वरच्या वर्गांना संस्कृत घेणारी यंदा तीन मुलं उरली. त्यांतला एक त्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसतं म्हणून येत होता. तेव्हा विषय बंद झाला. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. म्हणाल्या, "सर, दोन जागा आहेत. एक दप्तरखान्यात, जुनी रजिस्टरं लावायची. दुसरी तिसरीच्या वर्गावर, गणित. तेही नव्या पद्धतीनं. आधी प्रश्न, मग मुलांचा विचार, उत्तर सगळ्यात शेवटी." मी तिसरीच्या वर्गाची जागा घेतली. एका सत्रापुरती. सत्राच्या अखेरीस सभागृहात सहा शाळांच्या शिक्षकांसमोर माझा पाठ होणार, आणि तो बघून बाई ठरवणार. वर्ग गेला तर दप्तरखाना. विनोद बाजूला ठेवून लिहितो: मला दप्तरखान्यात जायचं नाही.

पहिला तास ऐक. प्रश्न घातला: एका डब्यात बारा खडू, असे चार डबे, खडू किती? मुलांचे पाढे दहापर्यंतच झाले आहेत. मी प्रश्न दोनदा खणखणीत वाचला. पदच्छेद केला, अन्वय लावला. बाराचे दहा आणि दोन केले, दोघांना चारानं गुणलं, बेरीज केली, अठ्ठेचाळीस. "समजलं?" छत्तीस मुलं एका सुरात "हो सर." घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. उरलेली छत्तीस मिनिटं आम्ही अठ्ठेचाळीस पाठ केले.

यात माझं कुठं चुकलं, ते कळव. फोन कर म्हणतेस, नको. फोनवर माणसं वाक्य पूर्ण करत नाहीत, आणि क्रियापदाविना लटकलेलं वाक्य मला बघवत नाही. गेलं वर्षभर मी फोन वर्ज्य केला आहे आणि प्रकृती उत्तम आहे.

तुझा
दादा


२२ जुलै

ती. दादास, शिरसाष्टांग वगैरे सगळं आलं असं समज, मला एकोणचाळीस वह्या बघायच्या आहेत.

डस्टर घरी ने आणि वहिनीला दे. तिला तुझी पुस्तकं झटकायला काहीतरी हवंच आहे.

चुकलं कुठं विचारतोस? दादा, तू तोंड उघडलंस तिथं. गणित तू सोडवलंस. मुलांनी काय केलं? होकार दिला. वीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवते आहे, तुला एक गोष्ट सांगते. "समजलं का?" या प्रश्नाला मुलं "हो" म्हणतात, कारण "हो" म्हटलं की मास्तर गप्प बसतात. त्याचा अर्थ समजलं असा नाही.

आता नीट वाच. प्रश्न एकच घालायचा. ज्याची रीत त्यांना शिकवलेली नाही असा, पण जो त्यांना स्वतःच्या जोरावर उचलता येईल असा. प्रश्न सांगून झाला की गप्प. दहा मिनिटं मुलं वहीत एकटी झगडतील. तू हातात कागद घेऊन बाकांमधून फिरायचं आणि टिपायचं: यानं चित्र काढलं, हिनं बेरीज केली, हा अडलाय. कोणाला दुरुस्त करायचं नाही. मग तीन-चार जणांना निवडायचं, साध्यापासून सुरुवात करून, आणि त्यांच्या तोंडून वर्गाला ऐकवायचं. चुकलेलंही ऐकवायचं. तू फक्त विचारायचं: "असं का?" आणि "या दोन्ही रीतींत सारखं काय?" तुझ्या भाषेत सांगायचं तर हे उत्तर न सांगण्याचं व्रत आहे. तू आजवर फक्त उपवासाची व्रतं मोडली आहेस, हे मोडू नकोस.

प्रश्न माझ्याकडून उसना घे. एका फळीवर आठ पुस्तकं मावतात, एकोणतीस पुस्तकं आहेत, फळ्या किती लागतील?

घाबरू नकोस. तुला जमेल. तुला मुलं आवडतात, बाकीचं शिकता येतं.

फोनचं कारण पटलं नाही. अर्धी वाक्यं तू लहानपणापासून माझीच ऐकत आलास.

खारू


८ ऑगस्ट

प्रिय खारूताई,

विजयपत्र आहे, उभं राहून वाच.

फळ्यांचा प्रश्न घातला आणि गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे काय असतं, याची तुला कल्पना नाही, तू आजन्म बोलत आली आहेस. पहिल्या मिनिटाला वाटलं, वर्ग बुडाला. दुसऱ्या मिनिटाला जिभेच्या टोकावर चोवीस आले, ते गिळले. तिसऱ्या मिनिटाला एकानं पेन्सिल उचलली. मग सगळ्या वर्गात पेन्सिलींची कुरकूर सुरू झाली, आणि मी अकरा मिनिटं एक शब्द बोललो नाही. तुझी वहिनी यावर विश्वास ठेवायला तयार नाही. म्हणते, साक्षीदार आणा.

आता वर्गाची ओळख करून देतो. नावं मी ठेवली आहेत, ती फक्त तुझ्यामाझ्यात. पहिल्या बाकावर चित्रगुप्त बसतो. यानं एकोणतीसच्या एकोणतीस पुस्तकं काढली, प्रत्येकाला वेगळं वेष्टन, तास संपेतो बाविसावं रंगवून झालं होतं. त्याच्यामागे घाई. तिनं दोन मिनिटांत 'तीन, उरले पाच' लिहून वही मिटली आणि मी तिला मुकुट का घालत नाही म्हणून माझ्याकडे रागानं पाहत बसली. एकानं आठ, सोळा, चोवीस, बत्तीस असं लिहून पुढं लिहिलं: 'जास्त झाले, पण फळी लागेलच.' आणि भाष्यकार. हा कुठल्याही गोष्टीवर भाष्य केल्यावाचून राहत नाही. तो म्हणाला, उरलेली पाच पुस्तकं वर आडवी ठेवली तर तीनच फळ्या पुरतात. घाईनं सांगितलं, आडवी ठेवलेली मोजायची नसतात. भाष्यकार म्हणाला, "कोणी सांगितलं? प्रश्नात लिहिलंय?" दोघं मधल्या सुट्टीत ग्रंथपालबाईंकडे निकाल मागायला गेले. बाईंनी आडव्या पुस्तकांना मनाई केली, म्हणून भाष्यकार आता ग्रंथालयावर नाराज आहे. मी या साऱ्या खटल्यात एकदाही उत्तर सांगितलं नाही. व्रत अभंग.

आणि एक सुधारणा मी स्वतःच्या डोक्यानं केली आहे. मुलांना जागेवरून बोलू देत नाही. जे काही सुचलं असेल ते फळ्यावर येऊन काढायचं, मोठं, शेवटच्या बाकापर्यंत दिसेल असं. तोंडी काही नाही. त्यामुळे फळा असा भरतो, की तास संपल्यावर बाहेरून जाणारे शिक्षक थांबून वाचतात. मोठ्या बाईही थांबल्या. म्हणाल्या, असा फळा त्यांनी पाहिला नव्हता. मी विनयानं मान खाली घातली, पण फार खाली नाही.

एकच कोडं आहे. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडे, एक मुलगी बसते. वहीत नीटनेटकं लिहिते, चेहरा शांत, पण फळ्याकडे बोलावलं की नकारार्थी मान हलवते, आणि तोंडून शब्द नाही. मी तिचं नाव मौनी ठेवलं आहे. जात्याच अबोल दिसते. बाकी पस्तीस पाहता एखादं मूल अबोल असणं ही शिक्षकावर ईश्वराची कृपाच म्हणायची.

हल्लीची मुलं हनुवटीत बोलतात, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. आमच्या वेळी उच्चार स्पष्ट होते.

तुझा विजयी
दादा


१७ ऑगस्ट

दादा,

पत्र दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा शिक्षकखोलीत मोठ्यानं. चित्रगुप्ताला इथं पाच चाहते मिळाले आहेत. अकरा मिनिटं म्हणजे फार झाली रे. मला पहिल्या वर्षी चार जमली नव्हती. खरंच शाब्बास.

आता बहीण म्हणून बोलून झालं, बाई म्हणून बोलते. फळ्याचा हट्ट सोड. फळा भरलेला चांगला, पण सगळं फळ्यावरच का? काही मुलांचा विचार बोलताना तयार होतो. हात वर करून अडखळत "म्हणजे सर, ते असं की" म्हणतात ना, गणित त्या अडखळण्यात असतं. त्यांना बसल्या जागी बोलू दे, तू ऐक, आणि तू फळ्यावर लिही, त्यांच्याच शब्दांत. मला वाटतं तुला अजून रंगमंच लागतो. आधी तू त्यावर उभा राहायचास, आता पोरांना उभं करतोस.

आणि मौनीवर कृपाबिपा काही नाही. आठ वर्षांचं मूल उगाच गप्प नसतं. तिच्या शेजारी जाऊन बस. बाकावर, खुर्चीवर नाही. वहीत काय लिहिलंय ते तिलाच वाचायला सांग.

आमच्याकडची मुलं हनुवटीत बोलत नाहीत. कानठळ्या बसवतात.

खारू


२ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

रंगमंचाचा आरोप अमान्य. तरीही तुझी आज्ञा पाळली, जागेवरून बोलायची परवानगी दिली, आणि मौनीच्या बाकावर जाऊन बसलोही. बाक मुलांच्या मापाचा, मी मोठ्यांच्या. उठताना भाष्यकारानं हात दिला आणि वर भाष्य केलं, ते लिहीत नाही.

सत्राअखेरच्या पाठाची तारीख ठरली: अकरा ऑक्टोबर. माझी तयारी भक्कम आहे. बाईंनी आजवर तीन वेळा मागच्या बाकावर बसून तास पाहिला आणि तिन्ही वेळा फळ्याचा फोटो काढला. शेजारच्या वर्गाच्या बाई आता माझ्याकडून प्रश्न मागून नेतात. दप्तरखाना फार लांब गेला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

परवाची एक गंमत सांगतो. आमच्या वर्गाला चौकोनी काचांची मोठी खिडकी आहे. सात रांगा, एका रांगेत सहा काचा. पण वरच्या उजव्या कोपऱ्यात हवेसाठी जाळी बसवली आहे, आणि तिनं वरच्या दोन रांगांतल्या तीन-तीन काचांची जागा घेतली आहे. प्रश्न: काचा किती? एकेक न मोजता सांगा. चित्रगुप्तानं एकेक मोजून सदतीस सांगितल्या. घाईनं सात सक बेचाळीस, वजा सहा, छत्तीस. दुसऱ्या एकानं खालच्या पाच रांगांच्या तीस आणि वरच्या सहा. सगळं फळ्यावर मांडलं, तुलना झाली, मी समारोपाकडे वळलो. तेवढ्यात भाष्यकार उभा.

"सर, तिचं लिहिलंच नाही."

"कोणाचं?"

"तिचं." मौनीकडे बोट. "तिनं सांगितलं ना मघाशी."

"कधी सांगितलं?"

"मघाशी. तुम्ही तिच्याकडे बघून 'छान' म्हणालात. मग दुसऱ्याला विचारलंत."

मी म्हणालो, "ती कुठं बोलते? ती बोलतच नाही."

यावर वर्ग हसला नाही, ही त्यातली गंमत. घाई म्हणाली, "बोलते की सर. रोज बोलते."

मग मी तिला पुन्हा सांगायला लावलं, आणि शेवटी भाष्यकारानं ते मला सांगितलं. वरच्या दोन रांगा अर्ध्या आहेत, त्या एकीशेजारी एक ठेवल्या की एक पूर्ण रांग होते. मग सहाच्या सहा रांगा. सहा सक छत्तीस. खारूताई, हे मला सुचलं नव्हतं. मी पाठाची टिपणं काढताना चार रीती लिहिल्या होत्या, ही त्यात नव्हती.

मुलगी बोलते ती फार हळू, एवढंच. तिच्या घरच्यांना सांगायला हवं, की तिला जरा मोठ्यानं बोलायची सवय लावा.

तुझी वहिनी तुला विचारते आहे. निदान तसं विचारत असावी. काहीतरी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दादा


९ सप्टेंबर

दादा,

आज विनोद करणार नाही.

तू वर्षभर फोन टाळतोस. मुलांना जागेवरून बोलू देत नव्हतास, सगळं फळ्यावर लिहून मागत होतास. पोरं हनुवटीत बोलतात म्हणालास. मौनी रोज बोलते आणि वर्गातल्या सगळ्यांना ऐकू येते, तुला सोडून. आणि शेवटच्या ओळीत वहिनी काय म्हणाली ते तुला कळलं नाही, हे तू स्वतःच्या हातानं लिहून पाठवलंस.

मी तुला गेल्या पत्रात रंगमंचाबद्दल बोलले ते परत घेते. मला वाटलं तुला मिरवायचं आहे. मला तेव्हा समजलं नाही.

पाठांतराच्या तासाला कान लागत नाहीत दादा. तीस मुलं एका सुरात म्हणतात, एखादा चुकला तरी सूर पुढं जातो. तू सव्वीस वर्षं तसे तास घेतलेस, कदाचित म्हणून तुझ्याही लक्षात आलं नाही. पण आता तू जे शिकवतोस ते कानांनी शिकवायचं असतं.

काय करायचं ते मी सांगणार नाही. प्रश्न तुझा आहे, तो उचलायची ताकद तुझ्यात आहे, आणि वर्गात छत्तीस जणं आहेत. तुझ्याकडे एक महिना आहे. मी गप्प बसते.

वहिनीला एवढंच विचार, तुला काय म्हणाली होती.

खारू


४ ऑक्टोबर

दादा, पंचवीस दिवस झाले. रागावला असलास तर रागावल्याचं तरी लिही. पाठ आठवड्यावर आला. मी गप्प बसायचं म्हटलं होतं, पण मला अकरा मिनिटांच्या वर जमत नाही.

खारू


१९ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. उशिराबद्दल मात्र या वेळी क्षमा मागतो.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी ते घडी करून संस्कृत शब्दकोशात ठेवलं आणि तीन दिवस त्या कोशाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी म्हणाले होते, कानांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं? वर्षभर तेच म्हणते आहे. तुम्ही 'हं' म्हणता." मी तिच्याशी वाद घालणार होतो. पण वर्षभर आपण कशाकशाला 'हं' म्हणालो, याची यादी आठवेना, तेव्हा चपला घातल्या.

डॉक्टरांनी मला काचेच्या लहान खोलीत बसवलं. ऐकू आलं की बोट वर करायचं. मी शहाण्या मुलासारखा बसलो होतो आणि बराच वेळ काहीच सुरू होत नव्हतं. मी काचेतून त्यांना विचारलं, "सुरुवात कधी?" ते म्हणाले, "अर्धी तपासणी झाली." उजवा कान जवळजवळ गेला आहे. डावा जाड आवाजाला बरा, बारीक आवाजाला अर्धा. मुलांचे आवाज बारीक असतात, त्यातही मुलींचे. यंत्र मिळेल, पण ते ऑक्टोबरच्या शेवटी. पाठ अकराला.

दोन दिवस विचार केला. मग वर्गातच प्रश्न घातला. फळ्यावर लिहिलं: 'सरांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. डाव्यानं थोडं येतं. वर्गात छत्तीस मुलं आहेत. सरांनी कुठं उभं राहावं?' आणि गप्प बसलो. या वेळी गप्प बसणं सोपं होतं, कारण उत्तर मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

कोणी हसलं नाही. कोणी "अरेरे"ही म्हटलं नाही. दहा मिनिटं वहीत वर्गाचे नकाशे काढत होती. चित्रगुप्तानं मला काढलं, तेही आहे त्याहून जाड, आणि कानांतून बाण. घाईनं सांगितलं, दाराकडच्या कोपऱ्यात उभं राहिलं की सगळा वर्ग डाव्या हाताला येतो. भाष्यकार म्हणाला, मग तो कोपरा सोडून बाकीचा फळा कोण लिहिणार, बाक अर्धगोल लावा आणि सरांनी फिरावं. वाद झाला. बाक हलवून पाहिले, प्रत्येकानं आपल्या जागेवरून आपलं नाव सांगितलं, मला ऐकू आलं की मी बोट वर करायचं. एकतीस बोटं झाली. उरलेल्या पाच जणांनी जागा बदलून घेतल्या. मौनीनं तर कोणाला न विचारता दप्तर उचललं आणि डाव्या हाताच्या पहिल्या बाकावर येऊन बसली. म्हणाली, "इथून येतं का ऐकू?" आलं. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. काहीसा घोगरा आहे. मौनी हे नाव मी रद्द केलं आहे, दुसरं अजून सुचलं नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं नाही. हे तुला आवडणार नाही, पण खरं तेच लिहितो. पाठ होऊन जाऊ दे, वर्ग हातात येऊ दे, मग सांगू, असा हिशेब होता.

अकराचा पाठ. सभागृह, उंच छत, मागे चाळीसेक शिक्षक. प्रश्न: एका दोरीचे नऊ सारखे तुकडे करायचे, कात्री किती वेळा चालवावी लागेल? घाई एका मिनिटात नऊ. मग स्वतःच दोरी काढून पाहिली आणि खोडून आठ. बहुतेकांचे आठ झाले, का ते बोटांनी दाखवून झालं, आणि पाहुणे वह्या मिटायला लागले. तेव्हा तिनं, म्हणजे पूर्वीच्या मौनीनं, हात वर केला. जागेवरून काहीतरी बोलली. सभागृहात आवाज वर निघून जातो, मला फक्त ओठ दिसले. 'छान, बस' हे शब्द तोंडात तयार होते. सव्वीस वर्षांची सवय आहे, आपोआप येतात. मी ते गिळले, तिच्या बाकाशी गेलो, जमिनीवर बसलो, डावा कान पुढे केला. तरीही अर्धंच आलं. मग वर्गाकडे वळून विचारलं, "ती काय म्हणाली, कोण सांगेल?"

सात-आठ हात. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं दुरुस्त केलं, तिनं मान हलवून तिसऱ्याला पुढं जाऊ दिलं. म्हणणं असं: दोरी आधी मधोमध दुमडायची. मग एका कापात दोन्ही पदर कापले जातात. घडीजवळचा तुकडा पदरावर निम्माच ठेवायचा, कारण उलगडला की तो पूर्ण होतो. चार कापांत नऊ तुकडे. भाष्यकारानं खिशातून बुटाची नाडी काढली आणि सगळ्यांसमोर कापून दाखवली. नाडी त्याच्या उजव्या बुटाची होती. सभागृहात टाळ्या वाजल्या, त्या मलाही ऐकू आल्या.

नंतर चर्चेला सगळे गोल बसले. एक वयस्कर पाहुणे मुद्दाम माझ्या जवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "सर, 'ती काय म्हणाली, कोण सांगेल?' हे अप्रतिम होतं. स्वतः न बोलता एका मुलीचा विचार साऱ्या वर्गाच्या मालकीचा केलात. ही पद्धत आम्ही आमच्याकडे सुरू करणार." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंचा चेहरा असा होता, की दप्तरखान्याची किल्ली त्यांनी मनातल्या मनात दुसऱ्याला दिलेली दिसत होती. मला फक्त हसून मान हलवायची होती. मान हलवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

मी म्हणालो, "पद्धत चांगलीच आहे, जरूर सुरू करा. पण मी ती पद्धत म्हणून वापरली नाही. मला ऐकू येत नाही."

बाईंनी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही फार हळू बोलता. कदाचित तुम्ही विचारलंही असेल."

पहिल्यांदा त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या, आणि चार दिवस काही बोलल्या नाहीत, म्हणजे मोठ्यानं नाही. पाचव्या दिवशी बोलावलं. डॉक्टरांचा कागद पाहिला, वर्गात येऊन अर्धगोल पाहिला, मुलांना विचारलं. मुलांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, मला बाहेर उभं केलं होतं. वर्ग माझ्याकडे राहिला आहे, पुढच्या वर्षीही. अट एवढीच, की यंत्र रोज लावायचं, आणि महिन्यातून एकदा बाईंनी मागं बसून बघायचं, की कोणाचं ऐकायचं राहत तर नाही.

म्हणजे सगळं चांगलं झालं. पद्धत मला आली आहे, हे मी आता मान वर करून सांगतो. प्रश्न कसा निवडायचा, कोणाला आधी बोलवायचं, कुठं गप्प बसायचं, हे येतं. यंत्र गुरुवारी मिळतं. तुला फोन करीन, अर्धी वाक्यं बोललीस तरी चालेल.

पण तुझ्यापाशी एक गोष्ट लपवत नाही. ती मुलगी तीन महिने मला रोज काहीतरी सांगत होती आणि मी 'छान' म्हणत होतो. मला ते कळलं, कारण एक मुलगा उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, यंत्र मदत करील, पण बारीक आवाज हळूहळू आणखी कमी होत जातील, आणि ते मला जाणवणार नाही, जसं आजवर जाणवलं नाही. माझी अजून आठ वर्षं नोकरी आहे. मला भीती वाटते ती याची, की त्यातल्या एखाद्या वर्षी एखादं मूल मला काहीतरी सांगेल, मी मान हलवीन, आणि वर्गात कोणी उभं राहणार नाही.

तुझा
दादा